चार धुराड्यांचं घर

५ जानेवारी १९९९

लिहिलेलं तरी तुझ्या ध्यानात राहतंय का बघू. सांगितलेलं तर राहत न्हाई. दिवाळीत साहेबाच्या बंगल्याची गोष्ट तीनदा सांगितली, आणि पुण्याला पोचल्यावर डेअरीत फोन करून बापाला विचारतीस, आजीला विचारा साहेब आधी आला का बंगला आधी बांधला. घरं बांधायचं शिकायला ठेवलीय तुला, आणि आपण राहतो ते कुणी बांधलं तेवढं डोक्यात टिकंना.

म्हणून ही वही. बियाण्याच्या दुकानातनं फुकट आलेली डायरी हाय. मी बोलती, तुझी आई लिहिती. मला अक्षर येत न्हाई, अलकाला गप बसून ऐकता येत न्हाई, दोघींचं एकाच कामात भागतं. तुझं नाव ती नुसतं 'सु.' लिहिणार म्हणं, सुजाता लिहून हात दुखतो.

आजच सुरुवात का, तर आज बंगल्याचे मालक आले व्हते. थोरल्या दिवाणखान्याची अख्खी बाजू पाडव्यानंतर पाडायची. भिंतींना ओल हाय म्हणाले. तिथं स्लॅबच्या दहा खोल्या, पावसाळ्यात माळशेजला येणाऱ्या लोकांसाठी. आणि तुझ्या बापाला, बाळूला म्हणाले, डेअरीचा टँकर सोड, इथला मॅनेजर तू. बाळूला लई आनंद झाला. अलका म्हणती हे वाक्य लिहिताना तिचं अक्षर लई चांगलं आलंय.

मला काय वाटलं ते आज ऱ्हाऊ दे.

९ जानेवारी

सु., आता नीट वाच. तिकडं विलायतंत घर थोरल्यालाच मिळतं. धाकट्यानं टोपी घालायची न् बोटीत बसायचं. आपला साहेब तिसरा. जुन्नरला कचेरीत आला, आणि आपल्याला न मिळालेलं घर ओतूरच्या वरच्या ह्या टेकाडावर बांधायचं त्याच्या मनानं घेतलं. तवा साहेब आधी, बंगला नंतर. दोनदा वाच.

त्याच्यापाशी त्या घराचं चित्र व्हतं, बहिणीनं काढलेलं, पत्र्याच्या नळीत गुंडाळलेलं. माझे आजेसासरे दगडाच्या कामावर मुकादम. त्यांनाबी अक्षर न्हाई, पण खिडक्या मोजता येत व्हत्या. चित्रात वीस, इथं दहा. सगळंच निम्म्यानं. दगड इथल्याच खाणीचा, काळा. सागवान कोकणातनं घाट चढवून आणलं.

गंमत पुढं हाय. चित्रात घराची पुढचीच बाजू. मागं काय हाय ते साहेबाला आठवंना. लहानपणीच शाळेला दूर ठेवलेला, मागच्या अंगाला कधी गेलाच नसंल. आजेसासऱ्यांनी चार दिवस वाट बघितली, आठवा म्हणाले साहेब. त्याला काय आठवलं न्हाई. मग म्हणाला, तुमच्या घरांना असतं तसं करा. म्हणून पुढनं बघितलं तर उंच खिडक्या, टोकदार छपरं, दारावर दगडी फुलं. आणि मागं गेलं की चौक, पडवी, दगडी डोणी, भांडी घासायचा कट्टा. पुढनं विलायत, मागनं जुन्नर. आणि सांधा कुठं हाय दाखव म्हणलं तर दाखवता यायचा न्हाई. मी पन्नास वर्षं झाडतीय, मला अजून सापडला न्हाई.

साहेबबी तुझ्यावाणीच विसराळू. त्याचं बरं झालं.

१४ जानेवारी, संक्रांत

सगळ्या बंगल्यात प्रत्येक दाराला उंबरा हाय. विलायती घराला नसतो म्हणं. आजेसासऱ्यांच्या माणसांनी साफ सांगितलं, उंबऱ्याबिगर आमी दार बसवणार न्हाई. साहेब भांडला. आठ दिवस दारं नुसती भिंतीला टेकवून ठेवली व्हती. शेवटाला साहेब हरला. मडमेचा झगा उंबऱ्याला अडकायचा. ती पहिलं वर्षभर पडायची, मग पाय उचलायला शिकली. माझी सासू सांगायची, जाताना बोटीत चढताना ती एकटीच न अडखळता चढली असंल.

आज उंबऱ्यांना हळदकुंकू लावलं. दिवाणखान्याच्याबी. पुढच्या वर्षी असंल का न्हाई.

२२ जानेवारी

घंट्यांचं लिही म्हणलं तर अलका म्हणती, आत्या, माझा सैपाक राहिलाय. मग घंट्यांचंच आधी लिही म्हणलं.

सैपाकघराच्या बोळात भिंतीवर नऊ घंट्या. भिंतीच्या पोटातनं तारा, प्रत्येक खोलीत एक दोरी. मडमेनं वर दोरी वढली की खाली घंटी. माझी सासू मडमेच्या हाताखाली, ती न बघता आवाजावरनं सांगायची, ही निजायच्या खोलीची, ही दिवाणखान्याची. शंभर वर्षं व्हत आली, निजायच्या खोलीची अजून वाजती. तार कुठं गंजली न्हाई. कसली कारागिरी असंल.

आणि मागचा जिना. एका माणसाच्या रुंदीचा, भिंतीत दडवलेला. त्यानं वर जायचं, चहा ठेवायचा, त्यानंच खाली यायचं. साहेबाला चहा पायजे, चहा आणणारं माणूस दिसाय नको. ह्याचा मला राग येतो. पण सु., जिन्याच्या पायऱ्या बघ. पुढच्या जिन्यापेक्षा ह्या बुटक्या हायत. हातात ताट घेऊन चढणाऱ्याला गुडघा उचलावा लागत न्हाई. कुणीतरी आमच्या गुडघ्यांचा विचार केला व्हता. साहेबानं केला का आजेसासऱ्यांनी, ते विचारायला आता कुणी न्हाई. मी मात्र अजून त्याच जिन्यानं जाती.

३ फेब्रुवारी

मालकांचा इंजिनेर आला. लहानच हाय, नम्र हाय. हातात दोन सुया असलेलं यंत्र, भिंतीला लावलं की आकडा दाखवतं. दिवाणखान्यात लावलं न् मान हलवली. मी हात लावून बघितला. दिवाळीपासून थेंब पडला न्हाई, आणि भिंत घामेजल्यावाणी. त्यानं नखानं चुना उकरला, पीठ पडलं खाली.

मी विचारलं, दवा न्हाई का काही. तो म्हणाला, आजी, ओल कुठनं येती तेच कळत न्हाई. छप्पर गळत न्हाई, पाया कोरडा हाय. कळत न्हाई ते पाडलेलं बरं.

मागच्या बाजूच्या, आपल्या खोल्यांच्या भिंती त्यानं बघितल्या. कोरड्या ठाक. ओल हाय ती दिवाणखान्याच्या बाजूला भिंतीत बसवलेल्या, शेकायच्या चारी विलायती चुलींच्या आजूबाजूला. तो ते कागदावर लिहून गेला, पण त्याचा त्याला अर्थ लागला नसावा. मलाबी न्हाई लागला.

१४ फेब्रुवारी

सु. आली व्हती, टेप घेऊन. दिवसभर मापं घेतली. खिडकीच्या खालचा कट्टा बसायच्या उंचीचा कसा, कमान दगडाच्या दगडाला कशी धरून उभी, हे बघून तिचे डोळे मोठे झाले. मला बरं वाटलं. ह्या घराकडं असं बघणारं माझ्याशिवाय कुणी भेटलं न्हाई आजवर.

जेवताना विचारलं तिनं. "आजी, भिंतीतल्या चुली चार, वरती धुराडी चार, पण आतनं उजेड दिसत न्हाई. वरनं बंद केलीत का कुणी?"

मी म्हणलं, "साहेबानं केली. जाताना."

बाळूबी म्हणाला, व्हय, माझा बाप आबा तसंच सांगायचा.

ती म्हणाली, वेडाच व्हता मग साहेब. भिंत आतनं कोंडली की घामेजणारच, धुराडं म्हणजे घराचं नाक. आणि सहाच्या गाडीनं गेली.

मी भाकरी अर्धी टाकली.

१६ फेब्रुवारी

अलके, लिही. जसं बोलती तसं लिही, सुधारू नको.

साहेबानं बंद न्हाई केली. मी केली.

साहेब गेला, बंगला मालकांच्या वडलांनी घेतला, त्याला चार-पाच वर्षं झाली असतील. बाळू पाळण्यातला. दुपारी दिवाणखान्यात गार असायचं, त्याला तिथं निजवून मी झाडत व्हते. चुलीत धपकन काहीतरी पडलं. राखंतनं घुबड बाहेर आलं. काजळीनं माखलेलं, पाळण्याच्या दांडीवर बसलं न् पोराकडं बघाय लागलं. दिवसाढवळ्या. माझी दोन आधी गेलेली, हा तिसरा.

मी त्याच दिवशी सुजाताच्या आज्याला छपरावर चढवलं. चारी तोंडांवर फरशा ठेवून घेतल्या, चुन्यानं लिंपून घेतल्या. पुढं थोरल्या मालकांनी विचारलं, धुराडी बंद कशी. ह्यांनी सांगितलं, साहेबानंच जाताना केली. जन्मात एकच खोटं बोलला तो माणूस, आणि तेबी माझ्या पायी.

सासू तवा हयात व्हती. ती म्हणाली व्हती, अगं, पावसाळाभर चारी चुली पेटत्या ठेवायचे साहेब लोक, खोलीत कुणी बसलेलं नसलं तरी. मडम म्हणायची, जाळ माणसासाठी न्हाई, घरासाठी हाय. मी ऐकलं न्हाई. मी म्हणलं घराला काय थंडी वाजती व्हय.

सु. म्हणाली साहेब वेडा. मी ऐकून घेतलं.

आता हे मालकांना सांगायला पायजे.

(इथं अलकानं पेन ठेवलं. मग परत घेतलं, ते मीच लिहायला लावती. ती म्हणाली, "आत्या, सांगितलं तर पाडायचं थांबंल. मग ह्यांची नोकरी?" मी म्हणलं, व्हय. ती उठून गेली. येऊन बसली तवा डोळे लाल. म्हणाली, कांदा चिरला. आज सैपाकात कांदा नव्हता.)

२१ फेब्रुवारी

चार दिवस वही बंद. अलका म्हणायची वेळ न्हाई. माझी अक्षरं तिच्या हातात, मी काय भांडणार.

आज आपणच वही घेऊन आली. म्हणाली, सांगा.

मी म्हणलं बाळूला कळलं का. कळलंय. काय म्हणाला. म्हणाला, "पन्नास वर्षं गप बसली, अजून दोन महिने बसवंना का तिला?"

खरं हाय त्याचं. टँकरवर पहाटं तीनला उठतो. कंबर गेलीय. घुबडापासनं वाचवला तो, न् आता मीच.

पुढचं अलकानं खोडलं. खोडू दे.

२५ फेब्रुवारी

ओतूरला गेले. एस्टी स्टँडसमोरच्या बूथवरनं अलकानं नंबर लावून दिला. मी कधी फोनवर बोलले नव्हते. फोन उलटा धरला, बूथवाला हसला, त्याला म्हणलं तुझ्या आईला असंच हस.

मालकांना सगळं सांगितलं. घुबड, फरशा, ह्यांचं खोटं. 

मग म्हणाले, "मावशी, आमचे वडील त्या साहेबाला मरेपर्यंत नावं ठेवत होते."

मी म्हणलं, "ती मला ठेवायची व्हती. तुमी ठेवा आता."

म्हणाले, येतो. एवढंच. रागावलेत का न्हाई आवाजावरनं कळलं न्हाई. सासूला घंटीवरनं खोली कळायची, मला माणसाच्या आवाजावरनं माणूस कळंना.

येताना अलकानं मला उसाचा रस पाजला. आपण होऊन.

७ मार्च

मालक आले, इंजिनेर आला, पेठेतला नाना गवंडी आला. नाना माझ्याच वयाचा, म्हणून मालक घाबरले त्याला छपरावर चढवायला. तो म्हणाला, मी उतरतो का बघा, चढायचं मला येतं. सु.ला मुद्दाम बोलावली. तिला सगळं सांगितलं तवा ती माझ्याशेजारी येऊन बसली.

पहिली फरशी निघाली. एवढा कचरा आला खाली, घरट्यांच्या काड्या, काजळी, वटवाघळांची घाण, दोन पाट्या. मग उजेड आला. चुलीच्या तळाला पाटाएवढा उजेड पडला, पांढरा. पन्नास वर्षं मी ती चूल झाडत व्हते, तिच्या मागच्या भिंतीला नक्षी हाय हे आज कळलं. द्राक्षाचा वेल कोरलाय. जाळाच्या मागं, जिथं काजळी धरणारच, तिथं कुणी नक्षी करतं का. पण केलीय. आजेसासऱ्यांचा हात असंल. घड मात्र द्राक्षाचे न्हाईत, नीट बघितलं तर जोंधळ्याची कणसं हायत. त्यांनी द्राक्षं कुठं बघितली असतील तवा.

मग तुराट्या न् बाभळीचं लाकूड लावून पेटवलं. सगळा धूर खोलीत. मालक खोकून बाहेर पळाले, इंजिनेर रडकुंडीला आला. नाना वरनं वरडला, दार लावा, खिडकी एक बोट उघडी ठेवा. ठेवली. आणि सु., तू बघितलंस, धूर खोलीत वळला, चुलीकडं गेला, दोरीनं वढल्यावाणी वर गेला. एवढी उंच खोली, तिथला धूर एका बोटाच्या फटीनं हलवला. कुणी शिकवलं असंल त्यांना वाऱ्याला असं वळवायला. मी हात जोडले. कुणाला ते मला ठावं न्हाई.

बाळू बाहेर उभा व्हता. आत आला न्हाई. पण लाकडं त्यानंच फोडून दिली व्हती.

१८ मार्च, पाडवा

गुढी उभी केली. पाडायला कुणी आलं न्हाई.

मालकांचा निरोप आलाय. दोन महिने चारी चुली रोज पेटवायच्या. मे संपायच्या आत इंजिनेर यंत्र घेऊन येईल. आकडा उतरला तर घर ठेवू, चुन्यानं दुरुस्त करू. न्हाई उतरला तर पावसाळ्याआधी पाडायचं, कारण स्लॅबवाल्याला विसार दिलाय. घर राहिलं तर खोल्या न्हाईत, खोल्या न्हाईत तर मॅनेजर न्हाई. हे मालकांनी बाळूला तोंडावर सांगितलं. तेवढं बरं केलं.

बाळू टँकरवर गेला. पुरणपोळी डब्यात दिली, घेतली.

११ एप्रिल

असं ऊन पडलंय की कुत्री हलत न्हाईत, आणि आमी चार चुली पेटवून बसलोय. वाडीतली माणसं येऊन बघून जात्यात. म्हणत्यात, म्हातारी साहेबीण झाली. एकजण म्हणाला, मावशी, आता अंडी उबवा. त्याला म्हणलं, बस तू आधी.

भिंतीवर पांढरी बुरशी धरली व्हती ती सुकून पडाय लागलीय. रोज सकाळी झाडून टोपलीभर निघती. आतली ओल बाहेर येतीय का भिंतच खाली येतीय, मला कळत न्हाई. नाना म्हणाला, कळंल.

दुपारी जाळाजवळ बसवत न्हाई, म्हणून खिडकीच्या कट्ट्यावर बसते. मला तिथं बसायचा मान कधी नव्हता, आता चुलीची राखण म्हणून बसते. तिथनं हरिश्चंद्रगडाकडचे डोंगर दिसत्यात, अगदी चौकटीत बसवल्यावाणी. साहेब तिथं बसून ह्या डोंगरांकडं बघत असंल आणि त्याला त्याचं तिकडचं घर आठवत असंल. त्याला ते परत कधी मिळालं न्हाई. आमाला हे मिळालं न्हाई, पण आमी इथंच हाय.

अलका म्हणती, आत्या, हे लई पुस्तकी झालं. मग ठेव तसंच, सु.ला पुस्तकीच कळतं.

२० मे

रविवारी इंजिनेर येणार.

आज सगळ्यांनी भिंतीला हात लावून बघितला. वर कोरडी हाय, खरखरीत. खाली गुडघ्याच्या उंचीला गार लागती. गार म्हणजे ओली, का दगड असतोच तसा गार, ह्यावर सकाळपासून घरात वाद. नाना म्हणाला निम्मी वाळली, निम्मी वाळायची हाय, यंत्राला निम्मं कळतं का बघा.

अलकाला विचारलं. ती लई वेळ तळवा लावून उभी ऱ्हायली. मला वाटलं ओली म्हणंल, तिच्या नवऱ्याची नोकरी तिथं अडकलीय. म्हणाली, "कोरडी हाय, आत्या." हे तिनं स्वतःच्या हातानं लिहिलंय, मी सांगितलं न्हाई.

बाळू टँकरवरनं आला, कपडे न बदलता दिवाणखान्यात गेला. मार्चपासून पहिल्यांदा. वाकून खालच्या दगडाला गाल लावला. हात न्हाई, गाल. मी बोळातनं बघत व्हते. काय वाटलं त्याला विचारलं तर म्हणाला, "मला काय कळतंय, आई. गार वाटलं, बरं वाटलं." मग चारी चुलींत लाकडं टाकून आला. कंबरेवर हात ठेवून.

आता रविवारी आकडा काय येतो ते येऊ दे.

सु., तुझी परीक्षा हाय, तू येऊ नको. शनिवारच्या ओतूर गाडीला कंडक्टरपाशी डबा दे. पेढे पाठवू नको, उतावळेपणा दिसतो. चिवडा पाठव, पातळ पोह्यांचा. चिवडा चांगल्या बातमीलाबी चालतो आणि वाईटालाबी. इंजिनेरासाठी तिखट, मालकांसाठी कमी तिखट, आणि माझ्या वाटणीचा वेगळा बांध, त्यातनं खोबऱ्याचे काप काढून टाक.